कॅलिफोर्नियात सायकॉलॉजिस्टचं लायसन्स: आधी कागद, मग तास

अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचं स्वतःचं बोर्ड असतं आणि त्या बोर्डाचा कागद त्या राज्यापुरताच चालतो. भारतात आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या) नोंदणीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला देशात कुठेही काम करता येतं. इथे टेक्सासचं लायसन्स हातात असलं, तरी तेवढ्या बळावर सॅन होजेला ऑफिस थाटता येत नाही. म्हणून सुरुवात एका प्रश्नापासून करावी: पुढची पाचसात वर्षं आपण कुठल्या राज्यात असणार आहोत? या लेखात कॅलिफोर्निया धरून सगळी वाट सांगितली आहे. मराठी कुटुंबं तिथे भरपूर आहेत आणि तिथले नियम बारीक आहेत. इतर राज्यांत टप्पे साधारण हेच, आकडे वेगळे.

कॅलिफोर्नियाचं बोर्ड ऑफ सायकॉलॉजी पाच गोष्टी मागतं: डॉक्टरेट, सुपरवायझरच्या देखरेखीखालचे ३,००० तास, दोन परीक्षा, ठराविक विषयांचं प्रशिक्षण आणि बोटांचे ठसे. यांतल्या परीक्षांची धास्ती सगळ्यांना असते. पण परीक्षा पुन्हा देता येते. नियमाबाहेर केलेला तास पुन्हा मोजून घेता येत नाही. लोक खरे अडकतात ते तासांच्या कागदपत्रांत, त्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्यावर आहे.

पदवी

कॅलिफोर्नियात मास्टर्सवर 'सायकॉलॉजिस्ट' होता येत नाही. पीएचडी, सायडी (मानसशास्त्राची व्यावसायिक डॉक्टरेट) किंवा एडडी (शिक्षणशास्त्राची) यांपैकी एक डॉक्टरेट लागते आणि तीही मान्यताप्राप्त संस्थेची. पुण्यातलं एमए, बंगळुरूचं दोन वर्षांचं एमफिल, त्यावर आरसीआय नंबर आणि दहा वर्षांचा अनुभव, एवढं सगळं असूनही बोर्डाच्या दृष्टीने डॉक्टरेटची जागा रिकामीच राहते. हे ऐकायला कठीण जातं, पण पहिल्याच महिन्यात कळलेलं बरं. व्हरमाँट आणि वेस्ट व्हर्जिनियात मास्टर्सवर सायकॉलॉजिस्ट होण्याची सोय आहे, टेक्सासमध्ये मास्टर्सवाल्यांसाठी 'सायकॉलॉजिकल असोसिएट' असं वेगळं लायसन्स आहे. मात्र तो कागद घेऊन कॅलिफोर्नियात आल्यास उपयोग होत नाही.

इथे थांबून स्वतःला विचारा की नेमकं काम कोणतं करायचं आहे. समोर बसलेल्या माणसाशी बोलून थेरपी द्यायची एवढीच इच्छा असेल, तर डॉक्टरेटच्या मागे न लागता एलएमएफटी (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट) किंवा एलपीसीसी (व्यावसायिक क्लिनिकल समुपदेशक) हा रस्ता घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही लायसन्स बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस हे वेगळं बोर्ड देतं. त्यासाठी मास्टर्स पुरतं, पण ते ६० सेमेस्टर युनिटचं आणि ठरलेल्या विषयांचं हवं. पुढे ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे सुपरव्हिजन लागतं. भारतातल्या एमएमध्ये कॅलिफोर्नियाचा कायदा आणि नीतिनियम हा विषय असण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा काही कोर्स इथे भरून काढावे लागतात. मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन सविस्तर अहवाल लिहिणं, न्यूरोसायकॉलॉजी, कोर्टाचं काम, मोठ्या हॉस्पिटलातलं सायकॉलॉजिस्टचं पद, यांतलं काही हवं असेल तर मात्र डॉक्टरेटचा लांबचा रस्ता घ्यावा.

तो घ्यायचा ठरला की पीएचडी की सायडी हा प्रश्न येतो. पीएचडीत संशोधनाचा भार जास्त, जागा मोजक्या, पण बऱ्याच विद्यापीठांत फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो. सायडीत प्रत्यक्ष क्लिनिकल कामावर भर असतो, जागा जास्त असतात आणि फी बहुतेक वेळा खिशातून जाते. दोन्हींनी लायसन्स एकच मिळतं. प्रवेशाचे अर्ज बहुधा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, त्यामुळे शिफारसपत्रांची तयारी गणपतीच्या सुमारासच सुरू झालेली असावी.

प्रवेश घेताना एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता आहे का ते पाहाच. कॅलिफोर्निया एपीए मान्यतेशिवायची, पण संस्था म्हणून मान्यता असलेली पदवीही स्वीकारतं, आणि प्रवेश देणाऱ्या ऑफिसमध्ये तुम्हाला हेच आवर्जून सांगितलं जाईल. त्यांचं म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. उद्या नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलची इंटर्नशिप हवी झाली किंवा आंतरराज्य करारात शिरायचं झालं, की तिथे एपीए मान्यतेची विचारणा होते. पाच वर्षं आणि एवढा पैसा घालायचा, तर एका राज्यापुरती पदवी घेऊ नये.

ज्यांच्याकडे भारतातली मानसशास्त्राची पीएचडी आधीच आहे, त्यांनी कोर्सनिहाय मूल्यमापन करून घ्यावं. ते नेसेस या, परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून घेतलेलं चालतं. फक्त 'ही पदवी अमेरिकन डॉक्टरेटच्या तोडीची आहे' एवढं एका ओळीत सांगणारं मूल्यमापन स्वस्त पडतं, पण बोर्डाला ते पुरत नाही. आपल्याकडच्या पीएचडीची नेहमीची अडचण अशी की प्रबंध भक्कम असतो आणि कोर्सवर्क नावापुरतं; यूजीसीच्या २००९च्या नियमांआधीच्या अनेक पदव्यांना तर कोर्सवर्कची गुणपत्रिकाच नसते. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि शिक्का मारलेला अभ्यासक्रम मिळवायला वेळ लागतो. सुट्टीवर गावी जाल तेव्हाच दोन-तीन संच काढून आणा.

प्री-डॉक्टरल तास आणि इंटर्नशिप

३,००० तासांपैकी किमान १,५०० पदवी पूर्ण झाल्यानंतरचे हवेत. उरलेले १,५०० पदवीच्या आधीचे चालतात आणि सहसा ते इंटर्नशिपमधून येतात. मात्र शिकायला लागल्या दिवसापासून मोजणी सुरू होत नाही. मानसशास्त्राचे ४८ सेमेस्टर युनिट, क्वार्टर पद्धतीत ७२, पूर्ण झाल्यावरचेच तास धरले जातात, आणि त्या युनिटांत प्रबंध किंवा इंटर्नशिपचे युनिट मिसळता येत नाहीत. पहिल्या वर्षीच्या प्रॅक्टिकमचे (शिकताना देखरेखीखाली केलेल्या प्रत्यक्ष कामाचे) तास इंटर्नशिपच्या अर्जात दाखवता येतात, बोर्डाच्या हिशेबात येत नाहीत. हे दोन हिशेब पहिल्यापासून वेगळे ठेवा.

इंटर्नशिपची निवड एपिक या संस्थेच्या मॅचमधून होते. शेवटून दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या आसपास अर्ज जातात, डिसेंबर-जानेवारीत मुलाखती होतात, मग तुम्ही ठिकाणांना क्रम देता, ठिकाणं तुम्हाला क्रम देतात आणि फेब्रुवारीत निकाल लागतो. ज्यांचं जमलं नाही त्यांच्यासाठी दुसरी फेरी असते. मॅचचा निकाल दोन्ही बाजूंना बांधील असतो. म्हणून जिथे जायचंच नाही, त्या गावाला यादीत क्रम देऊ नये. तिथेच लागलं तर नाही म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात केपिक नावाची राज्यापुरती यंत्रणाही आहे. तिच्यात दोन वर्षं अर्धवेळ इंटर्नशिप करता येते आणि लहान मुलं असलेल्यांना ती सोयीची पडते.

दोन गोष्टी परदेशी नागरिकांना फार उशिरा कळतात. पहिली, माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलांत इंटर्नशिपसाठी अमेरिकन नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डही चालत नाही. देशातल्या उत्तम आणि चांगला पगार देणाऱ्या जागांचा मोठा गठ्ठा इथेच जातो, तेव्हा यादी बनवतानाच त्या वगळा. दुसरी गोष्ट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांची, आणि ती जास्त महाग पडते. इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकतानाच्या कामाच्या परवानगीवर, केली जाते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झालं, तर त्या पदवीनंतरचं ओपीटी (कामाची परवानगी) हातचं जातं. पूर्णवेळ इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी बरोबर १२ महिन्यांचीच असते! ओपीटी गेलं की पोस्टडॉकचे, म्हणजे पदवीनंतरचे, १,५०० तास करायला कामाची परवानगीच उरत नाही. उपाय साधा आहे, पण वेळेत करावा लागतो: मॅच झाल्या झाल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याला भेटा आणि सीपीटीच्या तारखा पूर्ण वर्ष भरणार नाही अशा लावून घ्या. इंटर्नशिपच्या ठिकाणालाही तेव्हाच कळवा, म्हणजे सुट्टीचे दिवस शेवटी धरून तारीख जुळवता येते.

पोस्टडॉकचे १,५०० तास

इथे नियम असा की काम सुरू होण्याआधी तुम्ही कायद्याने मान्य असलेल्या कुठल्या तरी चौकटीत असायला हवं. चार चौकटी नेहमी दिसतात. एक, बोर्डाकडे 'सायकॉलॉजिकल असोसिएट' म्हणून नोंदणी; जुन्या लेखांत 'असिस्टंट' दिसेल, नाव २०२२ पासून बदललं. दोन, एपीए, एपिक किंवा केपिक यांनी मान्य केलेली औपचारिक पोस्टडॉक जागा. तीन, सरकारी संस्था, सरकारी शाळा किंवा विद्यापीठ अशी कायद्याने सूट दिलेली नोकरी. चार, काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मानसिक आरोग्य सेवेतली राज्याच्या परवानगीची जागा. एखाद्या सायकॉलॉजिस्टच्या खासगी ऑफिसात काम करणार असाल, तर पहिलीच चौकट लागू होते. नोंदणीचा अर्ज केला आणि सोमवारपासून बसायला लागलो, असं केलंत तर मंजुरीच्या तारखेआधीचे सगळे तास वाया जातात. शिवाय विनापरवाना काम केल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

पदवीनंतरचे तास कधीपासून धरायचे? प्रबंधाचा व्हायवा झाला म्हणजे पदवी झाली असं बोर्ड मानत नाही. ट्रान्सक्रिप्टवर पदवीची तारीख लागायला हवी, नाहीतर सगळ्या अटी अमुक तारखेला पूर्ण झाल्या असं रजिस्ट्रारचं पत्र हवं. मे महिन्यात व्हायवा आणि ऑगस्टमध्ये पदवी, असं सर्रास होतं. ते पत्र मागून घेतलंत, तर मधले तीन महिने वाचतात.

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य सुपरवायझरबरोबर सुपरव्हिजन करार लिहून दोघांच्या सह्या झाल्या पाहिजेत. कुठे काम, कसलं काम, देखरेख कशी, हे सगळं त्यात असतं. सही करण्याआधी सुपरवायझरचं लायसन्स राज्याच्या वेबसाइटवर तपासा: चालू आहे का, कुठली शिस्तभंगाची कारवाई आहे का, मुदत कधी संपते. असं तपासणं उद्धटपणाचं वाटतं, विशेषतः वयाने मोठ्या माणसाच्या बाबतीत. पण मधेच त्यांचं लायसन्स संपलं, तर त्या काळातले तास तुमचे जातात, त्यांचे नाहीत. सुपरवायझरला दर दोन वर्षांनी सुपरव्हिजनचं ६ तासांचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ते झालंय का हेही सहज विचारून घ्या.

सुपरवायझरला सुपरव्हिजनबद्दल पैसे देऊन घेतलेले तास बोर्ड धरत नाही. नात्यातल्या माणसाकडून घेतलेलेही नाही. आपल्या मंडळींत ओळखीतून, काकूंच्या मैत्रिणीकडून वगैरे जागा मिळते तेव्हा हे दोन्ही मुद्दे नीट पाहावेत.

आता आठवड्याचा हिशेब. काम केलेल्या तासांच्या १० टक्के सुपरव्हिजन लागतं आणि त्यातला किमान १ तास मुख्य सुपरवायझरसमोर, एकट्याने. आठवड्याला ४४ तासांपेक्षा जास्त धरले जात नाहीत, तुम्ही ५५ केलेत तरी. एक बरा भरलेला आठवडा असा दिसतो: थेट क्लायंटबरोबर १८ तास, नोंदी आणि चाचण्यांचे अहवाल १४ तास, वाचन आणि प्रशिक्षण ४ तास, मुख्य सुपरवायझरबरोबर एकट्याने १ तास, गट सुपरव्हिजन २ तास, दुसऱ्या नेमलेल्या सुपरवायझरबरोबर १ तास. एकूण ४०, त्यात सुपरव्हिजन ४. हा हिशेब दर आठवड्याला स्वतंत्रपणे जुळावा लागतो. या आठवड्यात सुपरवायझर सुट्टीवर होते म्हणून पुढच्या आठवड्यात दोन तास बसलो, असं चालत नाही. मधला आठवडा कोरा जातो. म्हणून त्यांची सुट्टी कधी आहे ते आधी विचारून तुमची रजा त्याच आठवड्यात टाका.

या सगळ्याची साप्ताहिक नोंद तुम्हालाच ठेवायची असते: तारखा, ठिकाण, कामाचे तास, एकट्याचं आणि गटाचं सुपरव्हिजन वेगवेगळं. बोर्ड ती कधीही मागू शकतं. दर शुक्रवारी भरा आणि त्याच दिवशी सुपरवायझरची सही घ्या. तीन महिन्यांचं एका बैठकीत लिहायला घेतलं की गडबड होते: आकडे सारखेच दिसायला लागतात, सुट्टीच्या दिवशीही काम झालेलं दिसतं आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

वेळेचं गणितही पाहून ठेवा. आठवड्याला ४० तास धरले तर १,५०० तासांना ३७.५ आठवडे लागतात. ४४ धरले तर ३४ आठवड्यांच्या थोडं वर. ओपीटी १२ महिन्यांचं असतं, म्हणजे जमतं. पण जागा शोधण्यात आणि नोंदणीच्या मंजुरीत तीन महिने गेले तर उरलेल्या काळात फारशी फट राहत नाही. ओपीटीवर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही, हेही लक्षात असू द्या. ओपीटीचा अर्ज पदवी पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो; पहिल्याच आठवड्यात करा. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्यांना पोस्टडॉक म्हणजे नोकरी, त्यासाठी एच-४ चं कामाचं कार्ड लागतं आणि ते जोडीदाराचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालं असेल किंवा ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असल्याने एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरच मिळतं. प्री-डॉक्टरल १,५०० आणि पोस्ट-डॉक्टरल १,५०० हे दोन्ही गठ्ठे प्रत्येकी ३० महिन्यांत संपवायचे असतात. व्हिसाच्या अडचणीने काम थांबलं तरी हे घड्याळ थांबेलच असं गृहीत धरू नका. असं काही होतंय असं दिसताच बोर्डाला लेखी कळवा.

तास पूर्ण झाल्यावर सुपरवायझर अनुभवाचा दाखला भरून सही करून बंद लिफाफ्यात देतात आणि लिफाफ्याच्या जोडावर पुन्हा सही करतात. लिफाफा उघडू नका, उत्सुकतेनेसुद्धा नाही. जागा सोडण्याच्या शेवटच्या आठवड्यातच तो घ्या. नंतर माणसं निवृत्त होतात, गाव बदलतात, आजारी पडतात. आम्ही तर म्हणू, दाखले एएसपीपीबी या, राज्याराज्यांतल्या बोर्डांच्या संघटनेच्या क्रेडेन्शियल्स बँकेत जमा करून ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या राज्यात अर्ज कराल तेव्हा जुन्या सुपरवायझरला शोधत फिरावं लागणार नाही.

छोटे कोर्स

हे शिकतानाच उरकतात, पण दाखले नसले तर अर्ज अडतो. मानवी लैंगिकता १० तास, बालअत्याचार ओळखणं आणि कळवणं ७ तास, जोडीदाराकडून होणारा अत्याचार १५ तास, वृद्धत्व आणि दीर्घकालीन देखभाल १० तास, आत्महत्येच्या धोक्याचं मूल्यमापन ६ तास. दारू आणि इतर व्यसनांचा एक पूर्ण सत्राचा कोर्स लागतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेने तो भरून निघत नाही. विद्यापीठाच्या नियमित कोर्समध्ये हे विषय झाले असतील तर विभागाकडून तसं लेखी पत्र घ्यावं, ज्यात तासांचा आकडा स्पष्ट असेल. 'विषय समाविष्ट होता' एवढ्या मोघम वाक्यावर फाइल परत येऊ शकते.

दोन परीक्षा

पहिली ईपीपीपी. ही अमेरिका आणि कॅनडाभरची सामाईक परीक्षा आहे: २२५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांतले १७५ गुणांचे आणि ५० गुणांत न धरले जाणारे, चाचणीपुरते, वेळ ४ तास १५ मिनिटं. गुण २०० ते ८०० या मोजपट्टीवर येतात, उत्तीर्ण व्हायला ५०० लागतात. परीक्षेची फी ६०० डॉलर आणि केंद्राची फी निराळी. १२ महिन्यांत चारपेक्षा जास्त वेळा बसता येत नाही.

विषयांचं वजन पाहून अभ्यास करा. मूल्यमापन आणि निदान १६ टक्के, नीती आणि कायदा १६, उपचार आणि सुपरव्हिजन १५, आकलन आणि भावना १३, वाढ आणि विकास १२, समाज आणि संस्कृती ११, जैविक पाया १०, संशोधन आणि संख्याशास्त्र ७. भारतात शिकलेल्यांचं संख्याशास्त्र सहसा पक्कं असतं आणि वेळही ते त्यालाच देतात, कारण तिथे हात चालतो. पण ते फक्त ७ टक्के आहे. घसरण होते ती निदानात आणि नीतीत. आपल्या हॉस्पिटलांत आयसीडी या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची सवय, इथे डीएसएम-५-टीआर या अमेरिकन निदानपुस्तकाचे निकष आणि कालावधी विचारतात. दोन आठवडे की सहा महिने, यावर उत्तर बदलतं. नीतीचे प्रश्न एपीएच्या संहितेवर असतात. रुग्णाच्या मोठ्या भावाला किंवा सासऱ्यांना विश्वासात घ्यायची आपली रीत तिथे चुकीच्या पर्यायावर नेऊन ठेवते, कारण प्रौढ क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय घरच्यांशी बोलणं हा गोपनीयतेचा भंग मानला जातो. तयारीला तीन-चार महिने नियमित द्यावेत आणि पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा घड्याळ लावून सोडवाव्यात.

ईपीपीपीचा दुसरा, कौशल्यांचा भाग काही राज्यांनी सुरू केला आहे. तो २०२६ पासून सगळीकडे सक्तीचा होणार होता, पण एएसपीपीबीने २०२४ मध्ये तो निर्णय थांबवून एकत्रित परीक्षेचा विचार पुढे आणला. तुमच्या राज्यात तो लागतो का, ते अर्जाच्या वेळी बोर्डाच्या पानावर पाहा.

दुसरी परीक्षा कॅलिफोर्नियाच्या कायद्याची आणि नीतीची, सीपीएलईई. हिला लहान समजून एका आठवड्यात उरकायला जाणारे नापास होतात. प्रश्न नेमके असतात. बालअत्याचाराचा संशय आला तर फोन ताबडतोब आणि लेखी अहवाल ३६ तासांत. प्रौढ क्लायंटची कागदपत्रं सेवा संपल्यापासून ७ वर्षं ठेवायची. क्लायंट अल्पवयीन असेल तर तो १८ वर्षांचा झाल्यापासून ७ वर्षं. १२ किंवा त्याहून जास्त वर्षांचं मूल ठराविक परिस्थितीत स्वतःच्या संमतीने थेरपी घेऊ शकतं. क्लायंटने कुणा ओळखता येणाऱ्या व्यक्तीला गंभीर इजा करण्याची धमकी दिली, तर त्या व्यक्तीच्या संरक्षणाची जबाबदारी तुमच्यावर येते. १९७६ च्या टॅरासॉफ निकालातून हे कर्तव्य आलं आहे. 'सांगायलाच हवं' आणि 'सांगता येतं' यांतला फरक प्रत्येक नियमासमोर लिहून पाठ करा, अर्धी परीक्षा त्यावर आहे.

परीक्षांच्या क्रमाबद्दल जुन्या मार्गदर्शकांवर विसंबू नका. पूर्वी ठराविक तास झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. १ जानेवारी २०२४ पासून डॉक्टरेटचं कोर्सवर्क पूर्ण झाल्याचं रजिस्ट्रारचं लेखी प्रमाणपत्र दिलं की परीक्षा देता येतात. म्हणजे इंटर्नशिपच्या वर्षातच, वाचलेलं ताजं असताना ईपीपीपी उरकता येते. शक्य असेल त्याने हे करावंच. पोस्टडॉकच्या वर्षात व्हिसा, नोकरी आणि घर सांभाळून अभ्यासाला रात्र उरत नाही.

अर्ज

अर्ज ब्रीझ या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीतून जातो. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट बोर्डाकडे जायला हवी. ठसे कॅलिफोर्नियात असाल तर लाइव्ह स्कॅनने, बाहेर असाल तर कार्डावर. ते राज्याच्या न्याय खात्याकडे आणि एफबीआयकडे तपासले जातात. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन (कर खात्याचा नंबर) चालतो. फीचे आकडे बोर्ड बदलत असतं, ते तिथल्याच पानावरून घ्या.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, अमेरिकन पदवीवर मधलं नाव गायब. ठशांवर एक नाव आणि ट्रान्सक्रिप्टवर दुसरं असलं की फाइल आठवडेच्या आठवडे बाजूला पडते. विवाहाचं प्रमाणपत्र आणि 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं शपथपत्र पहिल्या लिफाफ्यातच घाला. जुना गुन्हा, दारू पिऊन गाडी चालवल्याची केससुद्धा, विचारली असेल तिथे लपवू नका. घटना किती गंभीर, किती जुनी, त्यानंतर काय केलं, हे बोर्ड पाहतं. लपवलेलं सापडलं तर तोच नवा दोष होतो.

दुसरं राज्य आणि भारतातले क्लायंट

न्यूयॉर्कमध्ये प्रत्येकी १,७५० तासांची दोन वर्षं लागतात. टेक्सास ३,५०० तास मागतं आणि कायद्याची वेगळी परीक्षा घेतं. ॲरिझोना आणि वॉशिंग्टनमध्ये पदवीआधीच पुरेसे तास झाले असतील तर पोस्टडॉकची सक्ती नाही. पण पुढे कॅलिफोर्नियात यायचं असेल, तर ही सूट घेऊन पोस्टडॉक सोडून देण्याआधी दोनदा विचार करा. सायपॅक्ट या करारात ४० हून अधिक राज्यं आहेत, त्यातून दूरस्थ पद्धतीने दुसऱ्या सदस्य राज्यातले क्लायंट पाहता येतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. दुसऱ्या राज्याचं लायसन्स असलेल्याला कॅलिफोर्नियात वर्षाला ३० दिवस काम करायची मुभा आहे, आणि इथे अर्ज दाखल केला असेल तर अटींसह १८० दिवसांची.

व्हिडिओवर काम करताना क्लायंट त्या क्षणी कुठे बसला आहे, तिथला कायदा लागतो. कॅलिफोर्नियातली तुमची क्लायंट थँक्सगिव्हिंगला नेवाडात बहिणीकडे गेली, तर त्या आठवड्याची सेशन नेवाडाच्या नियमात जाते. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला 'आज कुठून बोलताय?' विचारून पत्ता नोंदीत लिहा. आणीबाणीत मदत पाठवायलाही तोच उपयोगी पडतो. आणि लायसन्स हातात नसताना कॅलिफोर्नियातल्या घरातून पुण्या-नाशिकच्या ओळखीच्यांना पैसे घेऊन 'सायकॉलॉजिस्ट' म्हणून समुपदेशन करू नका. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली जाहिरातही पुरावा ठरते, आणि विनापरवाना ही उपाधी लावणं इथे गुन्हा आहे.

लायसन्स आल्यावर

लायसन्स दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचं, त्यासाठी ३६ तासांचं सततचं शिक्षण लागतं. स्वतःची प्रॅक्टिस काढायची तर व्यवसाय विमा आधी घ्या, मग दहा अंकी एनपीआय नंबर (आरोग्यसेवा देणाऱ्यांचा देशभरचा ओळख क्रमांक), मग विमा कंपन्यांच्या पॅनेलसाठी अर्ज. या पॅनेलची मंजुरी यायला तीन-चार महिने सहज जातात. तोवर विम्यावर येणारे क्लायंट घेता येत नाहीत, म्हणून ऑफिसचं भाडं सुरू करायच्या आधी हा अर्ज टाका. अर्जात 'बोलल्या जाणाऱ्या भाषा' असा रकाना असतो, त्यात मराठी लिहायला विसरू नका. आईवडिलांना भारतातून आणलेली कुटुंबं विमा कंपनीच्या यादीत त्याच रकान्यावरून शोधतात.